घरचं लाकूड

डेल्मर कूंब्सने उभ्या जन्मात जळाऊ लाकूड विकत घेतलं नव्हतं. टकरच्या तळ्यावरच्या कॅम्पग्राउंडच्या दुकानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मोळ्या मिळायच्या. त्या घेणाऱ्याकडे बघून तो नुसता घसा खाकरायचा, आणि त्या खाकरण्यात सगळं आलं. मोळ्या घ्यायच्या खालच्या लोकांनी. न्यू हॅम्पशरच्या या उत्तरेच्या टोकाला ‘खालचे लोक’ म्हणजे बोस्टनकडून येणारे, आणि बोस्टनच्याही खाली जे काही असेल तिथले झाडून सगळे. पानं रंगली की ते मोटारी भरभरून येतात, रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून फोटो काढतात, आणि एकेका डोनटसाठी पाऊण तास रांगेत उभे राहतात. डेल्मरचं तसं नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो घरामागच्या ढिगातलं फोडलेलं लाकूड ट्रकमध्ये रचायचा, वर ताडपत्री आवळायचा, मागे ट्रेलर जोडायचा, शेजारी बायको अर्लीन, आणि तासाभराच्या वाटेने टकरच्या तळ्यावर हजर. लग्न झालं त्या वर्षी ती दोघं तंबू घेऊन आली होती, तेव्हापासून एकही साल चुकलं नव्हतं.

माणूस साधा. नगरपालिकेच्या रस्तेखात्यात तीस-एक वर्षं नोकरी. हिवाळ्यात बर्फ सारायचा, उन्हाळ्यात गटारं उपसायची. बोलणं कमी. कुणाची गाडी खड्ड्यात गेली तर साखळी घेऊन आधी हा धावणार, आणि आभार मानायच्या आत निघून जाणार. गावात कुणाला कशाला नाही म्हणणं त्याला ठाऊक नाही. अशा माणसाला एखादी हौस असली की ती जरा जास्तच असते. डेल्मरची हौस म्हणजे टकरच्या तळ्यावरचे ते चार दिवस, आणि त्यातही शनिवारी पुरलेला घेवडा.

हे घेवड्याचं काम येऱ्यागबाळ्याचं नव्हे. शुक्रवारी दुपारी कमरेएवढा खड्डा खणायचा, त्याला दगडांचं अस्तर द्यायचं, आणि त्यात अंधार पडेपर्यंत जाळ करायचा. निखारे लालबुंद झाले की भिजवलेला पांढरा घेवडा, काकवी, मोहरी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेला बिडाचा हंडा आत उतरवायचा, वर निखारे, वर माती. शनिवारी संध्याकाळी सगळ्या कॅम्पसमोर हंडा वर काढायचा. झाकण उघडलं की जो वास सुटतो त्याने भांडणं मिटलेली लोकांनी पाहिली आहेत. पण त्याला निखारा टिकाऊ लागतो, आणि तो डेल्मरच्या मते फक्त ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा. ॲश ओलं असलं तरी पेटतं, एका घावात सरळ फुटतं, धूर करत नाही. म्हणून तो घरून ॲश आणायचा.

आणि जे उरेल ते परत न्यायचा नाही. तळ्यावरचा तसा शिरस्ताच होता: निघताना उरलेलं लाकूड जागेवरच्या झाडाच्या बुंध्याशी नीट रचून ठेवायचं, पुढच्या येणाऱ्याला पहिला जाळ फुकट. बाकीचे चार-सहा ढलप्या टाकून जायचे. डेल्मर छातीएवढी थप्पी लावून जायचा. मे महिन्यात कॅम्पग्राउंड उघडलं की जो कोणी त्या जागेवर उतरे, तो मालकिणीला विचारायचा, “हा भला माणूस कोण?” मालकीण ग्लेनिस ते डेल्मरला हमखास सांगायची. तो खाकरायचा. आतून मात्र लोण्यासारखा विरघळायचा.

त्या जागेवर झाडं होती तीही ॲशचीच. पाण्याच्या कडेने ओळीने बारा-पंधरा, ग्लेनिसच्या आजोबांच्या आधीपासूनची. मेपल लाल होतात, बर्च पिवळे होतात, हे कुणीही सांगेल आणि त्याचीच पोस्टकार्डं छापतात. ॲशचा रंग पोस्टकार्डावर येत नाही. सगळ्यांच्या आधी, आठ-दहा दिवसांपुरतं, ते झाड वरून जांभळं होतं आणि आतून पिवळं राहतं, आणि संध्याकाळी ऊन तिरपं झालं की एकाच झाडात दोन झाडं दिसतात. अर्लीन खुर्ची टाकून ते बघत बसायची. डेल्मर तिच्यासाठी कॉफी करायचा, मग स्वतःही बसायचा. दोघं तासभर एक शब्द बोलत नसत. त्यांच्या संसारातले सगळ्यांत सुखाचे तास ते, असं मला वाटतं. त्यांना विचाराल तर म्हणतील, काही विशेष नाही, बसलो होतो.

तीन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून एक तरुण जोडपं आलं. अँथनी आणि दीना पेलेग्रिनो, कडेवर वर्षाची मुलगी. गाडीच्या टपावर बिचाऱ्यांनी हौसेने लाकडं बांधून आणली होती. फाटकावर पाटी आहे: बाहेरचं लाकूड आत आणू नये, लाकडातून कीड येते. ग्लेनिसने त्यांना तिथेच अडवलं आणि असं काही झापलं, की दीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. लाकडं परत पाठवायची सोय नव्हती, म्हणून ग्लेनिसने सगळी मोळी स्वतःच्या डोळ्यांदेखत त्याच तासाला जाळायला लावली. केवढा तो जाळ! सगळा कॅम्प बघायला जमला. “जर्सीवाल्यांची होळी,” असं हॉलिसने त्या जाळाला नाव ठेवलं. हॉलिस म्हणजे पलीकडच्या ट्रेलरमधला न्हावी. गप्प बसवत नाही त्याला. अँथनी हसून हसून माफी मागत होता. त्या रात्रीपासून त्याने मोळ्या दुकानातूनच घेतल्या.

त्यांच्या मागेच रांगेत डेल्मरचा ट्रक होता, ताडपत्रीखाली लाकूड भरून. ग्लेनिसने मान वर करून पाहिलं, हात हलवला आणि ओरडली, “ये ये, घेवडा आणलास ना?” आणि फाटक उघडलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. डेल्मरलाही नाही. पाटी खालच्या लोकांसाठी होती, आणि त्याचं तर घरचं लाकूड.

त्या सुमाराला त्याच्या घरामागचे ॲश वरून वाळायला लागले होते. सुतारपक्ष्यांनी साल सोलून खोडं पांढरी केली होती. डेल्मरने विचार केला, मरतंच आहे तर फोडून घ्यावं. फोडताना सालीखाली नागमोडी खुणा दिसल्या, पोराने भिंतीवर पेन्सिल ओढावी तशा. असेल एखादा किडा, असं म्हणून त्याने ते लाकूड ढिगात घातलं, आणि सप्टेंबर आला तसा ट्रक भरला. पुढच्या वर्षीही भरला. त्याच्या पुढच्याही.

यंदा जूनमध्ये गावच्या लायब्ररीत जंगलखात्याची एक बाई आली. डेल्मर अर्लीनबरोबर गेला होता, कारण तिथे कॉफी फुकट होती. बाईने ॲशच्या सालीचा तुकडा वर धरला. तशाच नागमोडी खुणा, आणि एक बाजू सपाट असलेली बारीक भोकं. हिरवा भुंगेरा, ती म्हणाली, झाडाला आतून खातो, शेंडा वाळेपर्यंत कळत नाही आणि कळल्यावर उपाय नाही. स्वतःच्या पंखांनी फार लांब जात नाही तो. लांब जातो माणसाच्या गाडीतून, लाकडात बसून, आणि वसंतात बाहेर पडून जवळचं ॲश गाठतो.

डेल्मरच्या हातातला कप तसाच राहिला. अर्लीनने त्याच्याकडे बघितलं, मग समोर बघितलं. घरी जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, “काही बोलू नकोस आत्ता.”

त्याने घरामागचा सगळा ढीग जाळून टाकला. जुलैच्या उन्हात, घामाने निथळत. त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून बजावलं होतं. पण आता ढीग जाळून काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. तळ्यावरच्या बुंध्यांशी त्याने किती थप्प्या लावल्या होत्या!

सप्टेंबर आला. जाऊच नये असं त्याला वाटलं, आणि गेल्याशिवाय राहवेनाही. फाटकावर ग्लेनिस भेटली. तिचा चेहरा उतरलेला होता.

“बघून घे बाबा यंदा,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी ते नसणार.”

पाण्याच्या कडेच्या एकूण एक ॲशला नारिंगी रंगाचे पट्टे मारले होते. शेंडे बोडके. जांभळा रंग कुठे कुठे, फांदीच्या टोकाला. सालीवर सुतारपक्ष्यांनी केलेले पांढरे चट्टे. कीड लागलेलं ॲश ठिसूळ होतं, ट्रेलरवर कोसळलं तर माणूस दगावेल, म्हणून विमावाल्यांनी हंगाम संपताच सगळी ओळ तोडायला सांगितलं होतं.

“कोणी आणलं हे कळलं का?” डेल्मरने विचारलं.

“कळायचंय काय त्यात? सगळ्या कॅम्पने पाहिलंय. जर्सीची लाकडं!” ग्लेनिस म्हणाली. “आलीयेत ती दोघं. या वर्षाचे पैसे मी आधीच घेऊन बसले होते म्हणून येऊ दिलं. पुढच्या वर्षी जागा नाही, सांगितलंय मी तोंडावर.”

“अगं, पण ती तर तू त्याच दिवशी जाळायला लावलीस.”

“एखादं निसटलं असेल. एक भुंगेरा पुरतो.”

डेल्मर तिथेच बोलणार होता. अर्लीनने त्याच्या मांडीवर हात ठेवला, आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि ट्रक पुढे घ्यावा लागला. मग तो दुकानात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोळ्या विकत घेतल्या. काउंटरवरची मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली.

पेलेग्रिनोंची जागा त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. त्यांची मुलगी गेल्या खेपेपर्यंत सगळ्यांच्या ट्रेलरमध्ये शिरायची, बिस्किटं घेऊन यायची. चालायला ती इथेच शिकली होती. यंदा दीना तिला हात धरून आपल्या तंबूपाशीच फिरवत होती. येणारेजाणारे दुसरीकडे बघत. कुणी वाईट बोलत नव्हतं, ते आमच्याकडे करत नाहीत. नुसतं कुणी काही बोलतच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी लांब टेबलं जोडली गेली. हंडा वर आला. घेवडा कच्चा राहिला होता.

“डेल, दात पडले रे माझे!” हॉलिस ओरडला. “काय जाळलंस, वर्तमानपत्र?”

सगळे हसले. पेलेग्रिनो टेबलाच्या पार टोकाला बसले होते, मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या. डेल्मर हातात डाव घेऊन उभा होता. तो जन्मात कधी चार माणसांसमोर बोलला नव्हता.

“मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “ॲशला कीड लागली ती माझ्यामुळे. माझ्या घरची झाडं मेली ह्याच किड्याने. ते लाकूड मी इथे आणत होतो. उरलेलं इथेच ठेवून जात होतो, झाडाखाली. ह्या पोरांचा काही संबंध नाही. त्यांनी सगळं जाळलं होतं, तुम्ही पाहिलंय.”

डेल्मरला वाटलं, झालं, सुटलो. आता शिव्या देतील, आणि देऊ देत.

मग हॉलिस उठला, डेल्मरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “बघा, बघा ह्याला! दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर घ्यायला ह्याला कुणी बोलावलंय? मागे माझ्या पोराने फाटकाला गाडी ठोकली, तेव्हासुद्धा हाच म्हणाला होता, ट्रक मी आडवा लावला म्हणून.”

“ते वेगळं,” डेल्मर म्हणाला. “हे खरंच मी. येऊन बघा माझ्या घरी. झाडं उभी आहेत अजून दोन.”

“अरे, आता सगळीकडेच आहे तो किडा,” कुणीतरी म्हणालं. “तुझ्याकडे इथूनच गेला असेल!”

“नाही! माझ्याकडे आधी—”

“डेल्मर, बस खाली,” अर्लीन म्हणाली. ती उठून उभी राहिली होती, आणि तिचा आवाज अगदी मऊ होता. सगळ्यांकडे बघून ती म्हणाली, “ऑपरेशन झाल्यापासून असं होतंय त्याला. डॉक्टर म्हणालेत, होतं असं. बातम्यांत कुठे पूर आला तरी ह्याला वाटतं, आपलंच चुकलं. परवा शेजाऱ्याचं मांजर मेलं, दोन दिवस जेवला नाही.”

टेबलावर कुजबुज झाली, हळहळीची. कुणीतरी त्याच्या हातातला डाव काढून घेतला. ग्लेनिसने त्याला पाणी दिलं आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला. मांजराची गोष्ट खोटी होती. शेजाऱ्याकडे मांजरच नव्हतं.

ट्रेलरचं दार लावल्यावर डेल्मर म्हणाला, “तू का केलंस असं?”

अर्लीन भांडी पुसत होती. “झाडं तर जाणारच आहेत,” ती म्हणाली. “माणसं कशाला घालवायची? चाळीस वर्षांची माणसं, डेल. तुला काही झालं, तर माझ्याजवळ कोण येऊन बसणार आहे? हीच ना?”

“आणि ती पोरं?”

“तरुण आहेत. दुसरं तळं शोधतील.” एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मग डेल्मरला तिच्यावर रागावताही येईना.

रविवारी सकाळी तो ग्लेनिसकडे गेला, एकटा. ती गोदामामागे होड्या उलट्या करून ठेवत होती. त्याने तिला होडी धरायला मदत केली आणि सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, सालीवरच्या खुणांसकट, कोणत्या झाडाखाली किती थप्पी तेही. हॉलिस नव्हता, अर्लीन नव्हती. ग्लेनिसने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. होडीच्या कडेवर हात टेकून तिने काठच्या झाडांकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं, हिला पटलं.

“असं म्हणू नकोस, डेल्मर,” ती म्हणाली. “माझ्या आजोबांची झाडं आहेत ती. मला कुणावर तरी रागवायला हवं, नाहीतर मला झोप लागायची नाही. आणि तुझ्यावर रागवायला मला जमायचं नाही. तू ते माझ्यावर टाकू नकोस.”

“पण खरं असेल तर?”

“खरं असेल तर मला ऐकायचं नाही.” तिने पुढची होडी उचलली. “ती टोकाची जागा मी पुढच्या वर्षी तुम्हाला देतेय. पाण्याकाठची. सावली राहिली आहे तेवढी तिथेच, मेपलची.”

“ती तर पोरांची जागा.”

“होती.”

तो परत फिरला. या माणसाने बर्फाच्या वादळात आख्खा डोंगररस्ता मोकळा केलेला मी पाहिला आहे. इथे त्याला एक माणूस सारता येत नव्हता. लेखी द्यावं का, असा विचार त्याच्या मनात आला, जंगलखात्याला, वर्तमानपत्राला. पण अर्लीनने काल जे सांगितलं ते एकदा पसरलं, की कागदावरच्या अक्षराकडेही लोक त्याच कीव आलेल्या नजरेने बघणार होते. आजारी माणसाची सही.

पेलेग्रिनो आवरत होते. एक दिवस आधीच. तंबू गुंडाळून झाला होता, दीना मुलीला गाडीतल्या खुर्चीत बांधत होती. मुलीच्या मुठीत पानं होती, आणि ती सोडायला तयार नव्हती. डेल्मर तिथे जाऊन उभा राहिला. आता निदान ज्यांचं नुकसान झालं त्यांना तरी सांगता येईल. त्यांना खोटं मानायचं काही कारण नव्हतं.

अँथनीने त्याला बघितलं आणि हातातली दोरी टाकून पुढे आला.

“मिस्टर कूंब्स, मी तुमच्याकडेच येणार होतो,” तो म्हणाला. “काल तुम्ही जे केलंत ना… आमच्यासाठी असं कुणी केलं नसतं. आम्ही तुमचे कोण? दीना रात्रभर तेच बोलत होती.”

“ऐक माझं, पोरा. ते मी तुमच्यासाठी म्हणून बोललो नाही. ते खरं आहे. लाकूड माझं होतं.”

“हो, हो,” अँथनी म्हणाला.

“हो हो नाही! माझं लाकूड. मी आणलं. तुमची जागा गेली ती माझ्यामुळे.”

दीना गाडीला वळसा घालून आली होती. तिने डेल्मरला मिठी मारली. घट्ट, आपल्या माणसाला मारतात तशी. डेल्मरचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

“तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “तुमच्या मिसेसनी सांगितलं आम्हाला, ऑपरेशनचं. आणि खरं सांगू? कदाचित आमच्याच लाकडातलं एखादं राहिलं असेल. मी रोज तोच विचार करते. त्या दिवशी काही ढलप्या मी गाडीच्या मागे सरकवल्या होत्या, मुलीला थंडी वाजेल म्हणून. अँथनीलासुद्धा ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी घाबरून जाळल्या. पण एक रात्र होत्या त्या बाहेर.”

“एका रात्रीत काही होत नाही,” डेल्मर म्हणाला. “सप्टेंबरात तो किडा बाहेरच पडत नाही. बाई गं, तुझं काही चुकलं नाही. काहीच नाही.”

“तुम्ही किती चांगले आहात,” दीना म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. तिचा चेहरा बघून डेल्मरला कळलं, की त्याचा एक शब्दही तिला पटलेला नाही. ती हे ओझं घेऊन जर्सीला जाणार होती, आणि दरवर्षी पानं रंगली की काढून बघणार होती.

अँथनीने गाडी सुरू केली. कॅम्पमधून फाटकापर्यंत जाताना कुणीही मान वर केली नाही. वळणावर त्याने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि हलवला, एकट्या डेल्मरसाठी.

डेल्मरनेही हात हलवला. त्याच्याकडून तेवढंच घ्यायला ते तयार होते.